गळ टाकून बसलेली बाई

शिबिरात आपण बायकांना दिवसाचं घड्याळ काढायला सांगतो. मोठ्या कागदावर एक वर्तुळ, त्याचे चोवीस भाग, आणि पहाटे उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय केलं ते त्यात भरायचं. मी गेली दहा-अकरा वर्षं हा खेळ घेते आहे. बायका आधी लाजतात, मग भराभर भरू लागतात. जिला लिहिता येत नाही ती चित्रं काढते. हंडा, चूल, विळा, एस्टी. वर्तुळ भरत आलं की मी विचारते, यातला तुमचा स्वतःचा वेळ कुठला? इथे हमखास शांतता पसरते. कुणी म्हणतं, देवपूजा. कुणी म्हणतं, बचत गटाची बैठक. एकीने सांगितलं, "दुपारी तांदूळ निवडताना सिरियल बघते, तो माझा." आणि एकजण म्हणाली, "संडासला जाते तेवढाच!" सगळ्या पोट धरून हसल्या.

या उत्तरांचा आपण अहवालात एक तक्ता करतो आणि पुढे जातो. कामाचा बोजा, दुहेरी ओझं, घरकामाचं मोल यावर आपण खूप बोललो, लिहिलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण त्या रिकाम्या राहिलेल्या खान्याचं काय करायचं, यावर आपल्या चळवळीने फारसं तोंड उघडलेलं नाही. बाईला विश्रांती मिळाली पाहिजे असं आपण म्हणतो तेही बहुधा तिच्या हिमोग्लोबिनच्या संदर्भात. तिने मजा करावी, वेळ वाया घालवावा, काहीही न कमावता आणि कुणाचंही भलं न करता दोन तास बसून राहावं, असं म्हणताना आपली जीभ अडखळते. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला मनोरंजन शिकवलं ते गटकार्याचं एक साधन म्हणून. खेळातून नेतृत्व, गाण्यातून जाणीवजागृती. नुसतं गाणं कुठल्या पेपरात नव्हतं.

म्हणून हा लेख मासे गरवण्याबद्दल आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या गावाजवळ राहते. नोकरी समुपदेशन केंद्रात, तालुक्याच्या ठिकाणी. घरी नवरा, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. गेली चार वर्षं मी जमेल त्या रविवारी गावच्या जुन्या धक्क्यावर गळ टाकून बसते. कोकणात याला गरवणं म्हणतात. माझ्याकडे काठी नाही, चक्री नाही. पाण्याच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर तीसेक मीटर तंगूस गुंडाळलेला आहे, टोकाला गळ, गळाच्या वीतभर वर शिशाची गोळी. जाळ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात हे सगळं शंभराच्या नोटेत येतं आणि परत पैसे मिळतात. आमिषाला बाजारातली चार लहान कोलंब्या, सोलून, तुकडे करून. खेरीज एक पक्कड, एक जुनं फडकं, बादली आणि पाण्याची बाटली. टोपी असली तर बरं.

बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं, हातभर दोरी सोडून शिसं झुलवायचं आणि सोडून द्यायचं. दोरी बाटलीवरून आपोआप सुटत जाते. शिसं तळाला लागलं की दोरी सैल पडते, ती हलकेच ताणून घ्यायची आणि तर्जनीवरून आत घ्यायची. मग सगळा जीव त्या बोटात. खेकडा आमिष कुरतडतो तेव्हा दोरी नुसती जड होते. बारकी मासळी टुकटुक करते आणि आमिष चोरून नेते. तांबोशी मात्र एकदा चाचपते, थांबते, आणि मग अशी ओढ देते की गाफील असलात तर बोट कापेल. मासा ओढतोय आणि दोरी बोटांतून सुटतेय त्या अर्ध्या मिनिटात मला केंद्रातली एकही केस आठवत नाही. दिवसभर इतरांचं ऐकण्याचं काम करणाऱ्या बाईला याचं काय मोल आहे ते तुमच्यातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

बहुतेक वेळा शिंगाळी लागते. तिच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे असतात. लागले तर हात तासन्‌तास ठणकतो. म्हणून फडकं आणि पक्कड. वितीपेक्षा लहान तांबोशी मी परत सोडते. काही रविवारी बादली कोरडीच घरी येते.

आता गंमत अशी की माशांच्या दुनियेत बाई कुठे नाही? मासळी बाजारात टोपली मांडून बसलेली बाई, घासाघीस करणारी बाई, सोडे सोलणारी, बोंबील वाळत घालणारी, खारवणारी बाई. ओहोटीला चिखलात गुडघाभर रुतून तिसऱ्या आणि मुळे काढणारी, खडकावरची कालवं टोकदार लोखंडाने फोडणारी बाई. आणि घरोघरी विळीवर बसून मासे साफ करणारी बाई तर आपण सगळ्याच. माशाचा वास बाईच्या हाताला लागलेला चालतो. पण हातात दोरी धरून पाण्याकडे बघत बसलेली बाई मी धक्क्यावर गेले तोवर कुणी पाहिली नव्हती. तिथे संध्याकाळी दहा-बारा पुरुष बसतात. शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, मुंबईहून निवृत्त होऊन आलेले दोघे आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की घरी कोण आहे. मला पहिल्या महिन्यात हा प्रश्न निदान वीस वेळा विचारला गेला. "घरी कोण आहे?" "मुलं कुणाकडे?" "मिस्टर नाही आले?" एका गृहस्थांनी फार प्रेमाने सांगितलं, "वहिनी, मासे हवे असले तर मला सांगा, मी आणून देत जाईन." ते खरोखर भले गृहस्थ आहेत. मला मासे हवेत असंच त्यांना वाटत होतं.

मासेमारी ही केवळ पोटासाठी नसते, करमणुकीसाठीही असते, हे आपल्याकडे काही नवीन नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या काही मराठी ओळींमुळे आपल्या भाषेचे अभ्यासक त्याचं नाव नेहमी घेतात. त्या ग्रंथात राजाने करायच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, गळाने मासे धरण्याचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाद्य, दोर, गळ, सगळं तपशिलाने. राजाचा तो विनोद, भोयाचा आणि कोळ्याचा तो धंदा. बाई दोन्हीकडे नंतर येते, मासा किनाऱ्याला लागल्यावर.

तरी संधी मिळाली तिथे बायका काय करतात त्याचं एक उदाहरण सांगते. स्कॉटलंडमधल्या टे नदीत ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या बाईने गळाने ६४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २९ किलोंचा सामन मासा पकडला. झुंज दोनेक तास चालली. होडी तिचे वडील सांभाळत होते. ती पेशाने परिचारिका, पहिल्या महायुद्धात काम केलेली. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सामनचा तो विक्रम शंभर वर्षं उलटली तरी मोडलेला नाही. मला स्वतःला विक्रमांचं वेड नाही. पण धक्क्यावर कुणी म्हणालं की हा बायकांचा खेळ नव्हे, की मी हे २९ किलो त्याच्यापुढे ठेवते.

जॉर्जिनाबाईंच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला ते मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. आणि खरी मेख तिथेच आहे.

बाईच्या फुरसतीचा हिशेब नीट बघितला तर एक गोष्ट नेहमी दिसते. एका बाईला मोकळा वेळ मिळतो तो बहुतेक दुसऱ्या बाईच्या वेळातून. सून बाहेर पडते कारण सासू पोळ्या लाटते. मधल्या वर्गातली बाई व्याख्यानाला जाते कारण कामवाली बाई येते, आणि कामवालीची दहा वर्षांची मुलगी घरी धाकट्याला सांभाळते. पुरुषाचा वेळ तसाच अखंड राहतो. आमच्या घरीही सुरुवातीला सगळ्यांनी हेच गृहीत धरलं होतं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "तू जा गं, मी बघते जेवणाचं." त्यांचं वय त्र्याहत्तर, गुडघे दुखतात. मी म्हटलं, "आई, तुम्ही नाही बघायचं. हा बघेल."

'हा बघेल' म्हणायला एक सेकंद लागतो. प्रत्यक्षात यायला जवळपास वर्ष लागलं. नवरा माझा सुशिक्षित आहे, चळवळीच्या सभांना येतो, टाळ्याही वाजवतो. पहिल्या रविवारी त्याचे धक्क्यावर चार फोन आले. आमसुलं कुठे आहेत? भाताला पाणी किती? धाकटा रडतोय, त्याला काय देऊ? चौथ्या फोनच्या वेळी गळाला मासा होता, मी फोन उचलला नाही, आणि त्याचं अडलं नाही. पुढच्या आठवड्यात मुलीने सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. हळूहळू फोन थांबले. आता रविवारचं स्वयंपाकघर त्याचं, म्हणजे काय आणायचं हे आदल्या दिवशी ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. मासा मिळाला तर साफ करायचा त्यानेच. मी धरते, तो खवले काढतो, ही आमची अट आहे. सांगायला मजेशीर वाटतं, पण या अटीवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी घराच्या कर्जावरूनही झाली नसतील. नातेवाईकांत अजून त्याची थट्टा होते. माझी होत नाही. माझ्याबद्दल बोलतात ते थट्टेच्या सुरात नसतं.

वेळ काढायचा म्हणजे घरातल्यांचाच ताळमेळ बसवायचा असं नाही. खाडीचंही घड्याळ असतं. मासा खातो तो मुख्यतः पाणी चढत असताना, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणाने गुणायचं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाण्याला इतकी ओढ की हलकं शिसं जागेवर राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. मी कालनिर्णय बघून महिन्याचे रविवार आधीच खुणा करून ठेवते. एका रविवारी भरती सकाळची असली तर पुढच्या रविवारी ती भर दुपारी येते, म्हणजे त्या रविवारी सुट्टी. हाताशी महिन्यातले दोन रविवार उरतात. त्यातला एक मुलांच्या परीक्षेत, लग्नात, नाहीतर संस्थेच्या शिबिरात जातो. पावसाचे दोन-अडीच महिने धक्का निसरडा, तेव्हा जात नाही. एकूण वर्षाचे नऊ-दहा रविवार, प्रत्येकी दोन तास. एवढ्यासाठी एवढा गहजब!

हा पाऊणपटीचा हिशेब मला शिकवला सासूबाईंनी. मी कालनिर्णय घेऊन चाचपडत होते, तर त्या आतून म्हणाल्या, "आज दशमी ना? मग साडेसातला पाणी भरेल." मी चकित. मग हळूहळू कळलं. त्यांचं माहेर याच खाडीच्या वरच्या अंगाला. लहानपणी भावांबरोबर त्या रोज गरवायला जायच्या. गांडुळं खणायची, वेळूच्या काडीला दोरी बांधायची. काळुंदर त्यांनाच सगळ्यात जास्त लागायचे, भाऊ चिडायचे. मी विचारलं, "मग सोडलंत कधी?" त्या म्हणाल्या, "न्हाण आलं आणि खाडी बंद झाली." इतकंच. भाऊ पुढे म्हातारे होईपर्यंत गरवत होते.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस पाहते, त्यामुळे अन्याय म्हटलं की डोळ्यांपुढे जखमा येतात. खाडी बंद होणं ही कुठल्याही कायद्यात बसणारी जखम नाही. पण बारा-तेरा वर्षांची मुलगी, हातात कसब आलेली, एका सकाळी तिला सांगितलं जातं की आता नाही, आणि साठ वर्षं ती भरतीचा हिशेब मनात करत राहते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हक्काच्या भाषेत बोलायचं तर कागद आपल्या बाजूचे आहेत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क २४ व्या कलमात आहे. स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा करार १९७९ साली झाला आणि १९९३ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्याच्या १३ व्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा समान हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. आपण या कराराची पत्रकं वर्षानुवर्षं वाटली. १३ व्या कलमावर एखादं सत्र झालेलं मला तरी आठवत नाही.

पण मला या कागदांपेक्षा जवळची वाटते ती आपल्या इथली एक गोष्ट. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षं चिकाटीने लढा दिला. त्याच वर्षी २४ एप्रिलला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही जोरदार भाषणं केली. त्या दोघींची नावं मी आजवर कुठल्याही मे दिनाच्या सभेत ऐकलेली नाहीत. ज्या रविवारासाठी त्या उभ्या राहिल्या तो रविवार पुढे घराघरात कसा आला? सगळे घरी, म्हणून चहा चार वेळा. मटण नाहीतर मासळी, म्हणून वाटण. आठवड्याचे कपडे. पाहुणे. गिरणीला सुट्टी मिळाली, चुलीचं काम वाढलं. मागण्यांच्या यादीतून बाईचा रविवार कधी गळाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आकडे हवे असतील तर सरकारचेच आहेत. केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला, पुरुषांचा ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली, तेव्हा २८९ आणि ८८. बायकांची पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा तर पुरुषांची नऊ वाचली. आणि पुरुषांचा आकडा वाचताना लक्षात ठेवा, तो फक्त जे घरकाम करतात त्यांचाच आहे. बहुसंख्य पुरुष त्या रकान्यात आलेलेच नाहीत.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचं म्हणणं. एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "पाणी, रोजगार, मारहाण हे प्रश्न समोर असताना मासे गरवण्याच्या गप्पा मारायच्या?" त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. तुरुंगात गेलेल्या बाई आहेत. पण त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईचं जग आधी कशाने आकसतं? मारहाणीच्या कितीतरी आधी तिचं मैत्रिणीकडे जाणं थांबलेलं असतं, गाणं थांबलेलं असतं, जत्रेत पाळण्यात बसणं थांबलेलं असतं. 'आमच्यात चालत नाही' एवढ्या एका वाक्याने. कुणी विचारायला येत नाही, कारण ती गोष्ट क्षुल्लक. निव्वळ स्वतःला आवडतं म्हणून काही मागायची सवय मोडलेली बाई पुढे पोटगीसुद्धा मुलांच्या नावाने मागते. हे मी रोज बघते. मुंबईबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक लिहिलं. बायकांना शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, असं त्या म्हणतात. ते वाचून मला आमचा धक्काच आठवला. गावातही बाई रस्त्यावर असते ती कुठूनतरी कुठेतरी जाताना. थांबलेली बाई दिसली की लोक चौकशी करतात.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो कुठल्या बैठकीत नाही, धक्क्यावरच ऐकायला मिळाला. भोईवाडीतल्या एक मावशी ओहोटीला मुळे काढायला येतात. सकाळपासून चार तास वाकून, पाय चिरफाळलेले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमचा पोट हाय, बाय. तुझी हौस हाय." बोलण्यात कडवटपणा नव्हता. खरं तेच सांगत होत्या. ज्या खाडीत मी करमणूक करते ती त्यांचं शेत आहे, आणि वरच्या अंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी सुटून मासळी मरते तेव्हा माझा रविवार जातो, त्यांचा महिना जातो. म्हणून त्या बसतात तिथे मी गळ टाकत नाही, मासे विकत नाही, आणि सांडपाण्याच्या तक्रारींवर सह्या गोळा करायला मी त्यांच्याबरोबर फिरले आहे. पण म्हणून हौस सोडावी, असं मला वाटत नाही. उलट मी मावशींना विचारलं, तुम्हाला फुरसत मिळाली तर काय कराल? त्यांनी जरा विचार केला. "निजेन," म्हणाल्या. आणि मग टोपली उचलता उचलता, "नायतर वडाच्या बांधावर जाऊन बसेन. कुणी हाक मारनार नाय अशी." फुरसत ही सुखवस्तू बायकांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी मावशींचं हे दुसरं वाक्य ऐकायला हवं होतं. ज्यांच्याकडे ती सगळ्यात कमी आहे त्यांच्या मागण्यांतून ती वगळायची आणि वर तिला चैन म्हणायचं, हा न्याय मला समजत नाही.

धक्क्यावर आता आम्ही पाच जणी आहोत. अंगणवाडीतल्या एक ताई, किराणा दुकान चालवणारी एक, दोघी कॉलेजातल्या मुली आणि मी. सासूबाई मधूनमधून खुर्ची घेऊन येतात. त्यांनी पहिल्यांदा बाटली हातात घेतली तेव्हा फेक जमली नाही, शिसं पायाशीच पडलं. दुसऱ्या फेकीला बरोबर वळणावर टाकलं. वेळूची काडी बरी होती, असं त्यांचं मत आहे.

ज्यांना सुरू करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. एकटीने नवीन जागी जाऊ नका. दोघी असाव्यात, आणि पाणी उतरताना खडकावर पुढे पुढे जायचा मोह धरू नये, कारण परतीच्या वाटेवर चढतं पाणी आधी पोचतं. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नका. तो कुजत नाही, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. मुलं बरोबर असली तर गळाचं टोक बुचात खोचून ठेवा. मुलांना नेलंच पाहिजे असं मात्र नाही. माझी मुलगी कधी कधी येते. धाकटा आला तर तो दगड टाकतो आणि मासा लागत नाही, म्हणून त्याला मी नेत नाही. आई असून मुलाला घरी ठेवून मजा करते, हे वाक्य पाठीमागून ऐकू आलं तर दोरीकडे लक्ष ठेवावं. तेवढ्यात मासा आमिष घेऊन जातो.

राहता राहिला एक प्रश्न, तो अजून सुटलेला नाही. धक्क्यावर दिवा आहे, बाकडी आहेत, चहाची टपरी आहे. मुतारी नाही. पुरुषांना ती लागत नाही, त्यांच्यासाठी जुन्या गोदामाची भिंत आहे. आम्ही निघताना चहा पीत नाही, दोन तासांत पाणी बेताने पितो, आणि पाळीच्या दिवसांत कॉलेजातल्या मुली येतच नाहीत. ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत आम्ही हा अर्ज दिला. सभेत एका सदस्यांनी विचारलं, "पाच बायकांच्या हौसेसाठी पंचायतीने खर्च करायचा का?" अंगणवाडीच्या ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बाकडी टाकली तेव्हा किती पुरुषांची हौस मोजली होती? ठराव महिला सभेत मंजूर झाला. ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर आला नाही. आम्ही पुन्हा अर्ज लिहिला आहे. या वेळी खाली पाच नाही, एकेचाळीस सह्या आहेत. मावशींचा अंगठा पहिला आहे.